तंजावरचे सरफोजीराजे

तमिळनाडूत कावेरी नदी समुद्राला मिळण्यापूर्वी अनेक फाटे फोडते. त्या फाट्यांच्या आणि कालव्यांच्या पाण्यावर पोसलेला, भातशेतीने हिरवागार झालेला जो सपाट प्रदेश आहे, त्यात तंजावर हे नगर वसले आहे. दूर शेतातून नगराकडे पाहिले की प्रथम दिसते ते बृहदीश्वराच्या मंदिराचे सुमारे दोनशे फूट उंचीचे दगडी शिखर. चोळ राजा राजराज याने हे मंदिर १०१० साली पुरे केले. मंदिर बांधून तो थांबला नाही. मंदिरात कोणी कोणते काम करावे आणि त्याबद्दल त्यास किती भात मिळावे, याचा सारा तपशील त्याने मंदिराच्या दगडांवर कोरवून ठेवला. देवापुढे नृत्य करणाऱ्या चारशे स्त्रियांची नावे तेथे आहेत. त्यांना दिलेल्या घरांचा उल्लेख आहे. गवई, वादक, शिंपी, कुंभार, परीट, सोनार आणि हिशेबनीस यांची नोंद आहे. देवापुढील एक नंदादीप वर्षभर तेवत राहावा म्हणून लागणाऱ्या तुपासाठी शहाण्णव मेंढ्या मेंढपाळाकडे सोपवाव्यात, अशी व्यवस्था त्या काळी असे. मंदिर म्हणजे केवळ पूजेचे स्थान नव्हते. साऱ्या नगराचा प्रपंच त्याच्याभोवती फिरत होता.

चोळांचे राज्य गेले, पुढे नायकांचे आले आणि तेही लयास गेले. १६७५ च्या सुमारास शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी तंजावर घेतले आणि कावेरीकाठी मराठ्यांची राजवट सुरू झाली. तमिळ प्रजा, तेलुगू पंडित आणि मराठी राजे असा तो विलक्षण संगम होता. राजवाड्यात मराठी बोलली जाई, दफ्तर मोडीत लिहिले जाई, दरबारात तेलुगू पदे गाइली जात आणि मंदिरात तमिळ स्तोत्रांचा घोष चाले. या राजवटीतील सर्वांत विद्वान राजा म्हणजे दुसरे सरफोजीराजे.

सरफोजींचा जन्म २४ सप्टेंबर १७७७ रोजी भोसले कुळाच्या एका शाखेत झाला. त्या वेळी तंजावरच्या गादीवर तुळजाजीराजे होते. त्यांचे दिवस फार वाईट आले होते. आधी अर्काटच्या नबाबाने त्यांचे राज्य काही वर्षे गिळंकृत केले होते. ते परत मिळते न मिळते तोच १७८१ साली हैदरअलीच्या फौजा या प्रदेशावर तुटून पडल्या. गावे ओस पडली, शेते करपली, माणसे अन्नान्न करून मेली. घरात राजांची मुलेही एकामागून एक गेली. शरीर थकले, मन खचले. अखेर जानेवारी १७८७ मध्ये, मृत्यू अगदी समीप आला असता, त्यांनी नऊ वर्षांच्या सरफोजीला दत्तक घेतले. मुलाचा हात कोणाच्या हाती द्यावा हा प्रश्न होता. तुळजाजीराजांनी तो दिला श्वार्ट्झ नावाच्या एका जर्मन धर्मोपदेशकाच्या हाती. हा पाद्री अनेक वर्षे या भागात राहत होता, तमिळ उत्तम बोलत होता आणि त्याच्या प्रामाणिकपणाबद्दल शत्रूंनाही शंका नव्हती. परंतु राज्य सांभाळणे हे आपले काम नव्हे, असे सांगून त्याने कारभाराची जबाबदारी नाकारली. ती राजांचे सावत्र बंधू अमरसिंग यांच्याकडे गेली.

तुळजाजींच्या निधनानंतर चक्र फिरले. दत्तविधान शास्त्राला धरून नाही, असा निर्णय काही पंडितांनी दिला आणि कंपनी सरकारने अमरसिंगांनाच गादीवर बसवले. बाल सरफोजीला वाड्यातच ठेवण्यात आले. पण ते ठेवणे कैदेहून फारसे वेगळे नव्हते. जेथे सूर्यप्रकाशाचा शिरकाव नाही अशा खोलीत त्याचे दिवस जाऊ लागले. शिक्षक नाहीत, पुस्तके नाहीत, सोबतीला समवयस्क मुले नाहीत. ज्या वयात मुलाने अक्षरे गिरवावी, वाचावे, धावावे, त्या वयात हा मुलगा भिंतींकडे पाहत बसे. पुढे आयुष्यभर ग्रंथांसाठी जो मनुष्य पैसा पाण्यासारखा ओतणार होता, त्याच्या बालपणीची काही वर्षे अशी गेली, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

श्वार्ट्झ मात्र दिलेला शब्द विसरला नाही. मद्रासच्या गव्हर्नराकडे त्याने पुनःपुन्हा गाऱ्हाणे नेले. अखेरीस १७९३ साली सरफोजी आणि तुळजाजींच्या विधवा राण्या यांना मद्रासला हलवण्यात आले. सरफोजी तेव्हा सोळाव्या वर्षात होते. तेथे श्वार्ट्झ आणि त्याचा सहकारी गेरिके यांच्या देखरेखीखाली त्यांचे खरे शिक्षण सुरू झाले. गणित, भूगोल, इतिहास, इंग्रजी भाषा. जे जे समोर येई ते ते हा तरुण अधाशासारखा आत्मसात करी. मराठी, संस्कृत, तमिळ, तेलुगू यांच्या जोडीला त्यांनी इंग्रजीवर प्रभुत्व मिळवले आणि युरोपातील आणखीही काही भाषांशी परिचय करून घेतला. गुरू ख्रिस्ती पाद्री आणि शिष्य शिवभक्त राजकुमार; तरीही दोघांनी परस्परांच्या श्रद्धेला धक्का न लावता परस्परांवर पितापुत्रांसारखे प्रेम केले.

इकडे दत्तकाचा प्रश्न पुन्हा उकरला गेला. दुसऱ्या पंडितांचे मत मागवण्यात आले, आणि या वेळी ते सरफोजींच्या बाजूने पडले. फेब्रुवारी १७९८ मध्ये श्वार्ट्झ तंजावरास मृत्युशय्येवर होता. सरफोजी त्याला भेटावयास गेले. शिष्याचा राज्याभिषेक पाहणे त्याच्या नशिबी नव्हते. १३ फेब्रुवारीला तो वारला आणि त्याच वर्षी २९ जूनला सरफोजीराजे तंजावरच्या गादीवर बसले. पुढे राजांनी लंडनच्या फ्लॅक्समन या प्रख्यात शिल्पकाराकडून गुरूचे संगमरवरी स्मारक करवून आणले. मृत्युशय्येवरील वृद्ध गुरू आणि त्याचा हात धरून उभा असलेला शिष्य, असे ते दृश्य आहे. शिवगंगा तळ्याजवळच्या चर्चमध्ये ते आजही पाहावयास मिळते. बृहदीश्वराचे मंदिर तेथून हाकेच्या अंतरावर आहे. गुरूच्या स्मरणार्थ राजांनी स्वतः इंग्रजीत पद्यरचनाही केली होती.

गादी मिळाली, पण तिची किंमत मोठी होती. कंपनी सरकारने न्याय केला तो फुकट नव्हे. २५ ऑक्टोबर १७९९ रोजी जो तह झाला, त्याने तंजावर प्रांताचा सगळा कारभार कंपनीच्या हाती गेला. राजांकडे उरला तंजावरचा किल्ला आणि त्याच्या लगतचा थोडा मुलूख. सालीना एक लाख पॅगोडा ही सोन्याची नाणी आणि उरलेल्या वसुलाचा पाचवा हिस्सा एवढे उत्पन्न त्यांना ठरले. बावीस वर्षांच्या राजाकडे छत्र होते, चामर होते, हत्ती होते. फक्त राज्य नव्हते. फौज बाळगून लढावे तर बळ नाही आणि कारभार करावा तर अधिकार नाही. त्या काळी अशा अवस्थेतील कित्येक संस्थानिकांनी आपले दिवस शिकारीत आणि नाचरंगात घालवले. सरफोजीराजांपुढेही तो मार्ग मोकळा होता.

तहानंतर त्यांना पहिली चिंता लागली ती छत्रांची. तंजावरावरून रामेश्वराकडे जाणाऱ्या वाटेवर मराठा राजांनी आणि राण्यांनी जागोजाग धर्मशाळा बांधल्या होत्या. त्यांना तिकडे छत्र म्हणतात. काशीहून, महाराष्ट्रातून, आंध्रातून महिनोन् महिने पायी चालत येणारे यात्रेकरू या छत्रांच्या आधारावर रामेश्वर गाठीत. छत्रांचा खर्च त्यांना लावून दिलेल्या जमिनींवर चाले. आता जमिनी कंपनीच्या ताब्यातील प्रांतात आल्या. हिशेबी कारकुनांच्या नजरेस हा सारा खर्च निरर्थक वाटला तर? १८०१ साली सरफोजीराजांनी तंजावरच्या इंग्रज रेसिडेंटास एक सविस्तर पत्र लिहून ही छत्रे काय काम करतात, ते समजावून दिले.

त्या पत्रावरून छत्रांतील नित्याचा व्यवहार डोळ्यांपुढे उभा राहतो. आलेला वाटसरू कोणत्याही जातीचा असो, त्याला शिजवलेला भात मिळे. ज्याला दुसऱ्याच्या हातचे शिजवलेले अन्न चालत नसे, त्याला कोरडा शिधा मिळे. जोगी, जंगम, बैरागी कोणीही विन्मुख जात नसे. मध्यरात्री घंटा वाजे आणि कोणी जेवावयाचे राहिले असल्यास त्याने यावे, अशी हाळी दिली जाई. वाटेत आजारी पडलेल्यांसाठी वैद्य असत; सर्पदंशावर उपचार करणारेही असत. बरा होईपर्यंत रोग्यास औषध आणि पथ्याचे अन्न मिळे. तान्ह्या मुलांना दूध मिळे. एखाद्या परक्या वाटसरूचा अंत झालाच, तर त्याच्या धर्माप्रमाणे त्याचे अंत्यसंस्कार होत. आणि त्याची मुले अनाथ झाली, तर ती छत्रातील शिक्षकाच्या स्वाधीन केली जात. त्यांना तीन वेळा जेवण, अंगावर वस्त्र, ठरावीक दिवसांनी अभ्यंगस्नान आणि रोज शिक्षण मिळे. अंधाऱ्या खोलीत ज्याचे बालपण गेले, त्याच्या पत्रात या अनाथ मुलांचे वर्णन इतक्या बारकाईने यावे, यात नवल ते काय! राजांचे म्हणणे कंपनीला ऐकावे लागले आणि छत्रांची व्यवस्था राजघराण्याकडे राहिली. पुढे १८०२ च्या सुमारास राजांनी ओरत्तनाडू येथे मुक्तांबा हिच्या नावाने एक नवे मोठे छत्र उभारले. तेथेही अन्नदानाच्या जोडीला विद्यादानाची सोय होती.

राज्य गेले तरी नगर उरले होते आणि नगरात मंदिर होते. राजांनी बृहदीश्वराच्या मंदिराची दुरुस्ती हाती घेतली. त्या निमित्ताने त्यांनी राजराज चोळाच्याच वाटेने एक काम केले. आठशे वर्षांपूर्वीच्या त्या राजाने मंदिराच्या दगडावर आपले दफ्तर कोरले होते. सरफोजीराजांनी १८०३ साली प्राकाराच्या नैर्ऋत्य भागातील भिंतीवर भोसले घराण्याचा सारा इतिहास मराठी भाषेत, देवनागरी लिपीत कोरवून घेतला. हा मजकूर बाबूराव चिटणीस यांनी सिद्ध केला. जगातील अत्यंत मोठ्या शिलालेखांत त्याची गणना होते. आधुनिक इतिहासकार त्यातील प्रत्येक गोष्ट जशीच्या तशी स्वीकारीत नाहीत आणि ते योग्यच आहे. कुळाची कीर्ती सांगावयास बसलेला चिटणीस थोडा हात सैल सोडणारच. तरीसुद्धा महाराष्ट्रापासून इतक्या दूर, तमिळ देशातील एका चोळकालीन मंदिराच्या भिंतीवर ओळींमागून ओळी मराठी वाचावयास मिळते, ही गोष्ट प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय खरी वाटत नाही.

नगराचे जीवन त्या काळी कसे होते? पहाटे मंदिरातून नागस्वराचा सूर निघे आणि तविलाचा ठेका त्याला साथ देई. फुलारी कमळे आणि मोगरा घेऊन गोपुराकडे निघत. किल्ल्याच्या चार राजवीथींवर दुकाने उघडत. कोठे वीणेचा भोपळा कोरला जाई, कोठे सोन्याचा वर्ख लावून देवादिकांची चित्रे रंगवली जात, कोठे ताडपत्रावर लोखंडी लेखणीने ग्रंथ उतरवले जात. चैत्रातील रथोत्सवाला आसपासच्या खेड्यांतून लोक लोटत. मंदिरात आणि दरबारात जे नृत्य होई, त्याला आज आपण ज्या स्वरूपात भरतनाट्य म्हणतो, ते शिस्तबद्ध रूप या काळात मिळाले. चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम् आणि वडिवेलू हे चार बंधू सरफोजीराजांच्या दरबारी होते. नृत्याच्या शिक्षणाचा आणि सादरीकरणाचा क्रम त्यांनी बांधून दिला. राजांनी स्वतः नृत्यासाठी मराठीत रचना केल्या. इंग्रजी वाद्यवृंदाचाही त्यांना नाद होता; वाड्याच्या एका चौकात वीणा आणि दुसऱ्या चौकात विलायती शिंगे, असा प्रकार तेथे चाले.

राजांना नवी विद्याही हवी होती. त्यांनी नगरात शाळा काढल्या. त्यांत संस्कृत, मराठी, तमिळ, तेलुगू, फारसी आणि इंग्रजी शिकवण्याची सोय होती. शाळांना पुस्तके हवीत, म्हणून १८०५ साली त्यांनी देवनागरी अक्षरांचा छापखाना घातला. इसापच्या गोष्टींचे मराठी रूपांतर ‘बालबोध मुक्तावली’ या नावाने तेथे १८०६ साली छापले गेले. मुंबईत शाळांसाठी मराठी पुस्तके छापली जाऊ लागली ती त्यानंतर सुमारे पंधरा वर्षांनी. म्हणजे मराठी मुलांच्या हाती पडलेले अगदी आरंभीचे छापील गोष्टींचे पुस्तक पुण्यामुंबईचे नव्हते, ते कावेरीकाठचे होते. भूगोल शिकवण्याची राजांची रीत तर मोठी गमतीची. दक्षिणेत कुरवंजी नावाचा नाट्यप्रकार आहे. त्यात डोंगरात राहणारी, भविष्य सांगणारी एक स्त्री येते आणि नायिकेला तिचे भवितव्य सांगते. राजांनी ‘देवेंद्र कुरवंजी’ हे मराठी नाटक रचले. त्यातील कुरवंजी पृथ्वीवरील खंडांची आणि देशांची माहिती गाऊन सांगते.

वाड्यातील धन्वंतरी महाल हे त्यांच्या विशेष आवडीचे ठिकाण. तेथे देशी वैद्य आणि युरोपीय पद्धतीचे जाणकार यांनी एकत्र बसून औषधे तयार करावीत, ती रोग्यांना देऊन गुण पाहावा आणि गुण आलेली तेवढी नोंदवून ठेवावीत, अशी योजना होती. सिद्ध झालेली औषधे तमिळ पद्यांत ग्रथित करण्यात आली. सामान्य वैद्यालाही ती पाठ करता यावीत हा त्यामागचा हेतू उघड आहे. नेत्ररोगांवर राजांचे लक्ष अधिक होते. इंग्रज डॉक्टराच्या साहाय्याने तेथे डोळ्यांवर उपचार होत. प्रत्येक रोग्याची नोंद आणि त्याच्या डोळ्याचे रंगीत चित्र ठेवले जाई. त्यांतील काही कागद आजही आहेत. दोनशे वर्षांपूर्वीच्या अनामिक शेतकऱ्याचा मोतीबिंदू झालेला डोळा त्या कागदावरून पाहणाऱ्याकडे अजून पाहतो.

पण राजांचा जीव खरा जडला होता तो ग्रंथांवर. नायक राजांच्या वेळेपासून वाड्यात ताडपत्री पोथ्यांचा संग्रह होता. सरफोजीराजांनी त्याचे रूपच पालटले. त्यांनी पंडित पाठवून पोथ्या मिळवल्या. ज्या विकत मिळेनात त्यांच्या नकला करविल्या. विलायतेहून जहाजांतून ग्रंथ मागवले. वैद्यक, रसायन, शिल्प, संगीत, प्राणिशास्त्र, नाटके, नकाशे, काहीच वर्ज्य नव्हते. इंग्रजी पुस्तकांवर राजे आपली स्वाक्षरी करीत. १८२० साली ते सुमारे तीन हजार माणसांसह काशीयात्रेस निघाले. यात्रेतून परतताना बहुतेक लोक गंगाजल आणतात. राजांनी गंगाजलाबरोबर पोथ्यांचे गठ्ठेही आणले आणि गंगेच्या घाटांची चित्रे काढवून घेतली.

१८२६ साली कलकत्त्याचे बिशप हेबर तंजावरास आले. या राजाशी बोलून ते थक्क झाले. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लव्हाज्ये, वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियस, नाटककार शेक्सपियर अशा विषयांवर तो सहज बोलत होता आणि इंग्रजी पाहुण्यांच्या बरोबरीने बोलत होता.

सरफोजीराजांचे सगळेच वर्तन आजच्या वाचकाला रुचेल असे नाही. १८१४ च्या सुमारास नेपोलियनावर मिळालेल्या इंग्रजांच्या विजयाप्रीत्यर्थ त्यांनी समुद्रकिनाऱ्यावर आठ मजल्यांचा एक बुरूज बांधला. मराठी शब्दावरून त्याला मनोरा हेच नाव पडले. ज्यांनी आपले राज्य काढून घेतले, त्यांच्या विजयाचे स्मारक राजाने का उभारावे, असा प्रश्न मनात आल्यावाचून राहत नाही. कंपनीशी स्नेह राखल्यावाचून छत्रे, शाळा, ग्रंथालय यांपैकी काहीच टिकणार नाही, हे ते ओळखून होते, एवढे उत्तर देता येते. पण ते पुरते समाधानकारक नाही. शिवाय राज्यपद टिकवण्यासाठी कारभार सोडण्याचा जो करार त्यांनी केला, त्याची सल त्यांच्या वंशजांना पुढे भोगावी लागली.

७ मार्च १८३२ रोजी सरफोजीराजांचे निधन झाले. त्यांचे पुत्र शिवाजीराजे गादीवर आले. १८५५ साली ते निपुत्रिक वारले, तेव्हा कंपनी सरकारने उरलेला किल्लाही खालसा केला. वाड्यातील मालमत्तेवर जप्ती आली. राणी कामाक्षीबाईंनी कोर्टात दाद मागितली आणि प्रकरण थेट लंडनपर्यंत गेले. राज्य परत मिळाले नाही ते नाहीच; खाजगी मालमत्ता मात्र पुढे घराण्याकडे परत आली.

राजांच्या पोथ्या मात्र जागच्या हलल्या नाहीत. १९१८ साली ते ग्रंथालय सर्वांना खुले झाले. आज ते सरस्वती महाल ग्रंथालय या नावाने ओळखले जाते. हजारो संस्कृत पोथ्या, तमिळ आणि तेलुगू ताडपत्रे, मराठी हस्तलिखिते आणि राजांच्या स्वाक्षरीचे इंग्रजी ग्रंथ तेथे आहेत. त्यांच्याच शेजारी मोडी कागदांचे रुमाल बांधून ठेवलेले आहेत. कोणत्या उत्सवाला किती भात लागला, कोणत्या नर्तकीला कोणते वस्त्र दिले, छत्रांत काय खर्च झाला, कोणत्या पंडिताला कोणत्या पोथीच्या नकलेबद्दल किती द्रव्य दिले, असे नगराचे शेकडो रोजचे व्यवहार त्यांत आहेत. तमिळ विद्वान आता त्यांच्यासाठी मोडी शिकतात. ते सारे रुमाल अजून कोणी पुरते वाचून काढलेले नाहीत.